गवंड्याचा डोळा

कवळ्या बनवणाऱ्यांच्या दारात कुणी आ वासून उभं राहिलं तर त्याचं कुणाला नवल वाटत नाही. त्यामुळे त्या दुपारी शाळेच्या गणवेशातली तीन मुलं उंबऱ्यावर तशी उभी राहिली तेव्हा घरच्या सुनेने हातातला साचा खाली न ठेवताच विचारलं, "कुणाचा दात दुखतोय? इथे दात काढत नाहीत. डॉक्टर पलीकडच्या गल्लीत."

"दात नाही हो काकू," पुढची मुलगी म्हणाली. तिच्या काखेत कागदांचं बाड होतं आणि कानामागे पेन्सिल. "आम्हाला त्या आजी हव्यात. युद्धात डोळे करायच्या त्या."

आतल्या खोलीत खिडकीपाशी चहा पीत बसलेल्या आजींनी कप खाली ठेवला. हात कापत होता, त्यामुळे कप बशीत वाजलाच. गावाच्या लेखी त्या कवळीवाल्या बाई. अर्ध्या गावाची जेवणं त्यांच्या हातच्या दातांवर चालली होती, आणि त्यांना त्याचा सार्थ अभिमान होता. पण डोळ्यांचं नाव इतक्या वर्षांत गावात कुणी काढलं नव्हतं.

"आत पाठव गं त्यांना," त्या म्हणाल्या.

मुलं आत आली. पेन्सिलवालीला वर्गात मुकादम म्हणत, आणि ते नाव तिला शोभतही होतं. आल्या आल्या तिने बाकीच्या दोघांना कुठे बसायचं ते सांगितलं. दुसरी मुलगी टकळी. तिची जीभ टाळ्याला लागत नसे. तिसरा लंबू, घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा, ज्याला आपल्या पायांचं काय करावं हे अजून कळलेलं नव्हतं.

टकळीने एका दमात सगळं सांगून टाकलं. इतिहासाच्या सरांनी वर्गाचे तिघा-तिघांचे गट पाडले होते. महायुद्धाने माणसांचं काय केलं ते शोधायचं आणि शाळेत प्रदर्शन भरवायचं. कुणी उपासमार घेतली, कुणी घरदार सोडून पळालेली माणसं, कुणी कारखान्यांत कामाला लागलेल्या बायका. यांच्या गटाकडे आले जखमी. आणि टकळीच्या आजोबांनी कवळी काढून पेल्यात ठेवता ठेवता सांगितलं होतं, अगं, मग त्या बाईंकडे जा की.

"युद्धाचं मला काय विचारता?" आजी म्हणाल्या. "मी बंदूक पाहिली ती भिंतीला टेकवलेली. तुमच्या सरांना विचारा, त्यांना सगळ्या लढाया पाठ असतील."

"सरच म्हणाले लढाया नकोत," लंबू म्हणाला. "माणसं आणा म्हणाले."

आजींना हे सर बरे वाटले.

"पहिला प्रश्न," मुकादमाने कागद उलगडला. "तुमच्या हातून एकूण किती डोळे तयार झाले?"

"तुझ्या आईला विचार, आजवर तुझ्या किती वेण्या घातल्या. तिला सांगता आलं तर मीही सांगेन."

टकळी खुदकन हसली. मुकादमाने कागदाकडे पाहिलं. तिचे पुढचे सगळे प्रश्नही "किती" नेच सुरू होत होते.

आजी उठल्या आणि कपाटाचा खालचा खण ओढला. कापसाच्या गादीवर डोळे होते. तपकिरी, घारे, निळसर, काही नुसतेच पांढरे. सगळे वर बघत होते. ओणवा होऊन पाहणारा लंबू सरळ झाला, मग आणखी सरळ झाला, आणि मग भिंतीला धरून खाली बसला.

"पाणी आण गं," आजींनी सुनेला हाक मारली. "एक जखमी सापडला यांना."

त्या दिवशी प्रश्नांचा कागद पुन्हा उघडलाच नाही.

आजी तेव्हा जेमतेम वयात आलेल्या होत्या. खेळण्यांच्या कारखान्यात बाहुल्यांचे डोळे रंगवायच्या. युद्ध आलं, कारखान्यात बाहुल्यांच्या जागी तोफगोळ्यांची टोपणं होऊ लागली आणि रंगवणाऱ्या मुली घरी बसल्या. तेवढ्यात लष्करी इस्पितळातून निरोप आला की डोळे रंगवता येतात अशी कुणी आहे का. काचेचे डोळे यायचे ते पलीकडच्या देशातून, आणि आता तोच देश शत्रू झालेला. जखमींचे तांडे तर रोज येत होते. तिथल्या दातांच्या कारागिराने शक्कल लढवली. कवळीच्या हिरड्या ज्या प्लास्टिकच्या होतात, त्याचाच डोळा का करू नये? साचा त्याला जमला, पण रंगाचं काही जमेना. त्याने रंगवलेले डोळे असे दिसत, आजी म्हणाल्या, की उकडलेल्या अंड्याला काजळाचं बोट लागलंय.

"म्हणून मी गेले. बाहुलीच्या डोळ्यांवरून निघाले आणि डोळ्यातल्या बाहुलीवर येऊन पोचले."

"घाबरला नाहीत?" टकळीने विचारलं.

"घाबरले तर! पहिला जो आला तो माझ्याच वयाचा. भिंतीकडे तोंड करून बसला. आता रंग जुळवायचा तर त्याचा चांगला डोळा बघायला हवा ना? मी म्हटलं, अरे बाबा, इकडे बघ. तो बघेना. मी खुर्ची उचलली आणि भिंत आणि तो यांच्या मध्ये जाऊन बसले." आजी थांबल्या. "लोक त्याच्याकडे बघायचे आणि झटकन दुसरीकडे बघायचे. आईसुद्धा. मला तसं करून चालणार नव्हतं. मी दिवसभर बघत राहिले. संध्याकाळी तो म्हणाला, बाई, तुम्ही थकला असाल. तेवढंच बोलला. पण दुसऱ्या दिवशी येऊन बसला तो खिडकीकडे तोंड करून."

लंबूने पाण्याचा पेला हातात तसाच धरला होता.

युद्ध संपलं, इस्पितळ उठलं. दातांच्या त्या कारागिराशी आजींनी लग्न केलं आणि दोघांनी हे दुकान टाकलं. डोळ्यांचं काम मात्र उठलं नाही. प्लास्टिक झिजतं, डोळ्याची खाच बदलते, काही वर्षांनी डोळा नवा करावा लागतो. मग ती माणसं एकेक करून पुन्हा यायची. पोरगेले शिपाई होते ते बाप होऊन आले, मग आजोबा होऊन. मग येईनासे झाले. आता युद्ध संपून पन्नास वर्षं होत आली होती आणि एकच उरला होता, बसने येणारा एक गवंडी.

"ते आले की आम्हाला भेटता येईल?" मुकादमाने विचारलं.

आजींनी आपले हात पदराखाली घेतले. "येऊ नका म्हणून सांगितलंय त्यांना," त्या म्हणाल्या.

पण गवंडी आला. सांगितलेलं ऐकण्याबद्दल त्याची कधीच ख्याती नव्हती. मुलं पुढच्या आठवड्यात कागद, रंग आणि बिस्किटांचा पुडा घेऊन आली होती, आणि टकळी सुनेला कवळी बनवण्याबद्दल भंडावून सोडत होती, तेव्हा दारात एक रुंद खांद्यांचा म्हातारा उभा राहिला. एका डोळ्यावर रुमाल बांधलेला.

"बाई, टोचतोय फार," तो म्हणाला. "कड गेलीय त्याची. खिशात घालून आणलाय."

"मी तुम्हाला काय म्हटलं होतं?"

"हात कापतो म्हणाला होतात. मग काय झालं? माझेही गुडघे कापतात. बस चढलोच ना?"

"गवंडी, भिंत वाकडी झाली तर पाडून परत बांधता येते. मला आता बुबुळाची रेघ ओढता येत नाही हो. मोठ्या शहरात इस्पितळ आहे. माझी सून पत्ता देईल."

गवंड्याने मान हलवली. शहराला जाणं, तिथल्या रांगा, परक्या डॉक्टरांसमोर ती खाच उघडी करणं, यातलं काहीच तो करणार नव्हता हे खोलीतल्या सगळ्यांना दिसलं. "राहू द्या मग," तो म्हणाला. "रुमाल बांधीन. आता कोण मला बघायला येणार आहे!" आणि त्याने रुमालाची गाठ पुन्हा आवळली. ती आवळताना त्याने आपसूक तोंड भिंतीकडे वळवलं.

आजींना ते पाहवलं नाही. त्या काही बोलणार तोच मुकादम उभी राहिली.

"आजी, तुम्ही सांगा. आम्ही रंगवतो."

सून हसली, गवंडीही हसला. आजींना मात्र हसू आलं नाही. त्या पोरीचे कान लाल झाले होते, पण ती खाली बसत नव्हती.

"हे चित्रकलेचं काम नाही गं," आजी म्हणाल्या. "माणसाच्या तोंडावर बसणार आहे ते."

"म्हणूनच तर तुम्ही सांगा. आम्ही चुकलो तर बसवू नका."

गवंड्याने रुमालाची गाठ सोडायला घेतली. "बघू तरी," तो म्हणाला. "मीसुद्धा चुना कालवता कालवताच शिकलो."

खाचेचं माप, मेण, साचा, पांढरं प्लास्टिक उकळून घट्ट करणं, हे सगळं सुनेने आपल्याकडे घेतलं. तिचा हात सासूच्या हाताखाली तयार झालेला, पण रंगांच्या बाबतीत तिने आधीच कानाला खडा लावला होता. दातांच्या तीन छटांपलीकडे तिचं डोकं चालत नसे, असं तीच सांगे. मुलांच्या वाट्याला बुबुळ आलं. शर्टाच्या गुंडीएवढी चकती, चार केसांचा कुंचला, आणि थरावर थर द्यायचे पातळ रंग.

शाळा सुटली की तिघं येत. पहिल्या दिवशी मुकादमाने आपणच रंगवायचं ठरवलं आणि असा जोर लावला की कुंचल्याचे केस फाकले. तिचं बुबुळ पाहून टकळी म्हणाली, "हा तर रागावलेला बोका आहे." दुसरं झालं ते मेलेल्या माशाचं. तिसऱ्याला मुकादमाने स्वतःच उचलून डब्यात टाकलं, आणि मग खिडकीकडे पाठ करून रडली. आजींनी तिला रडू दिलं. आपण पहिल्या आठवड्यात इस्पितळाच्या मोरीत जाऊन असंच रडलो होतो, हे त्यांनी सांगितलं नाही, पण त्यांना ते आठवलं.

चौथं लंबूच्या हातात दिलं. ज्या पोराला चालताना दोन खुर्च्यांना धडक दिल्याशिवाय खोली ओलांडता येत नसे, त्याची बोटं कुंचला धरल्यावर दगडासारखी स्थिर झाली. लहानपणापासून बापाच्या शेजारी बसून घड्याळाचे स्क्रू वेचलेले. आजी त्याच्या मागे उभ्या राहून सांगत, "आता मधून बाहेर. श्वास सोडताना ओढ. घेताना नको." आणि तो ओढत असे. आपल्या तरुणपणीच्या हातांकडे आपणच लांबून बघतोय असं आजींना वाटून जाई.

तरीही ते जमेना. बुबुळ सुरेख होई, पण गवंडी मापाला आला की त्याच्या चांगल्या डोळ्याशेजारी धरल्यावर परकं दिसे. आजींनी जुन्या डोळ्यावरून रंग सांगितला होता. गडद तपकिरी, कडेला काळी रेघ. गेली कित्येक वर्षं त्या हाच रंग लावत आल्या होत्या.

"असं नाही जमायचं," टकळी एके दिवशी म्हणाली. "गवंडी आजोबांना बोलवा. त्यांनाच बघून रंगवू."

मग गवंडी दर दोन दिवसांनी बसने येऊ लागला. खिडकीपाशी खुर्ची, समोर तिघं, बाजूला आजी. पहिल्या बैठकीला मुलांची नजर त्याच्या डोळ्यावर टिकेना. ती नाकावर जाई, कानावर जाई, जमिनीवर जाई. गवंडी गमतीने म्हणाला, "पैसे पडलेत का खाली?" हळूहळू त्यांची भीड मोडली. आणि टकळीला, जिचं तोंड एरवी क्षणभर मिटत नसे, बघता बघता गप्प बसण्याची कला साधली. ती तासभर नुसती बघत राहिली.

"आजी," ती शेवटी म्हणाली, "आजोबांचा डोळा गडद नाहीच आहे. फिकट झालाय. चहात दूध जास्त पडल्यासारखा. आणि कडेला काळं नाही, निळसर गोल आहे. धुरासारखा. पांढरं पण पांढरं नाही, पिवळट आहे."

आजी चष्मा पुसून पुढे वाकल्या. पोर बरोबर सांगत होती. वयाबरोबर येणारा तो धुरकट गोल गवंड्याच्या डोळ्याभोवती कधीच येऊन बसला होता. आजींना कधी दिसला नाही, कारण त्या गवंड्याच्या डोळ्यात दरवेळी तोच जुना शिपाई बघत होत्या. त्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण वाटला तो आनंद. आयुष्यभर त्यांनी बघण्याचं काम केलं होतं, आणि खरं बघणारी नजर कशी असते हे त्यांना दुरूनही ओळखता येत होतं.

"हिला फिकट रंग कालवून दे गं," त्या सुनेला म्हणाल्या. "आजपासून रंग ही सांगेल."

समोर कुणी इतका वेळ बघत बसलं की माणूस बोलायला लागतो. आजींचा इस्पितळातला नियम होता, पेशंटशी हवापाण्याबद्दल बोलायचं, घरच्यांबद्दल बोलायचं, पण जखमेबद्दल चकार शब्द काढायचा नाही. तो नियम त्यांनी गवंड्याशीही पाळला होता. त्याची बायको, त्याचे गुडघे, त्याच्या जावयाचा आळस, सगळं त्यांना ठाऊक होतं. डोळा कसा गेला ते मात्र ठाऊक नव्हतं.

मुलांना हा नियम कुणी सांगितला नव्हता. लंबूने कुंचला धुता धुता साधेपणाने विचारलं, "आजोबा, लागलं कसं?"

सुनेने आतून डोकं बाहेर काढलं.

गवंड्याने तोंड खिडकीकडे वळवलं. "मी गवंडी म्हणून त्यांनी मला सुरुंगवाल्यांत घातलं," तो म्हणाला. "ज्याला बांधता येतं त्याला पाडायचं कुठून ते बरोबर कळतं. आम्ही मागे हटत होतो. नदीवर एक दगडी पूल होता. शेकडो वर्षांचा असेल. कमानी अशा, की दोन दगडांत नख शिरणार नाही. चुना नाही, काही नाही, नुसते दगड एकमेकांना धरून उभे. मला सांगितलं, दारू कुठे ठासायची ते दाखव. मी दाखवलं. कमानीचा मधला दगड, तो सुटला की सगळं येतं. मीच हात लावून दाखवला."

मुकादमाच्या मांडीवर कागद होता. तिने पेन्सिल उचलली नाही.

"वात पेटवली आणि सगळे पळालो. खड्ड्यात पडून तोंड लपवायचं, वर बघायचं नाही, असा हुकूम. सगळ्यांनी लपवलं. मला राहवेना रे. म्हटलं, ज्यांनी हे बांधलं ते गेले. आता हे जातंय. जाताना निदान एका गवंड्याने तरी त्याच्याकडे बघावं. म्हणून मान वर केली." तो किंचित हसला. "पडतानाही काय देखणा पडला! आधी मधला दगड बसला, मग दोन्ही अंगं वाकली, जणू एकमेकांना नमस्कार करतायत. तेवढं बघितलं. मग एक कपचा आला."

रस्त्यावरून सायकलवाला घंटी वाजवत गेला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं लागेल म्हणून?" टकळीने हळूच विचारलं.

"माहीत होतं. पण वाईट वाटून घेऊ नका. मला अजून तो पूल दिसतो, पोरांनो. आख्खा. त्याच डोळ्याने दिसतो."

आजी उठून आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवण्याचं निमित्त केलं. सून तिथेच उभी होती, डोळ्याला पदर लावून. "आई, तुम्हाला ठाऊक होतं हे?" तिने विचारलं.

"नाही गं. मी कधी विचारलंच नाही. मला वाटायचं न विचारणं म्हणजेच माया." आजींनी साखरेचा डबा उघडला, परत लावला. "त्या पोराने किती सहज विचारलं बघ. आणि ते सांगायला बसलेलेच होते."

त्यानंतर काम झपाट्याने झालं असं नाही. उलट लंबूचा हात पुढचे दोन दिवस बिघडला, कारण आता त्याला समोरच्या डोळ्यात पूल दिसू लागला. प्रदर्शन तोंडावर आलं होतं. बाकीच्या गटांचे तक्ते तयार होते, आणि यांच्याकडे रागावलेल्या बोक्यापासून पुढची नापास बुबुळं सोडली तर दाखवण्यासारखं काही नव्हतं. टकळी म्हणाली, आधी तक्ता करू. लंबू म्हणाला, आधी डोळा. दोघांची जुंपली. कुंचले आपटले गेले. आजी मध्ये पडणार होत्या, पण मुकादमच म्हणाली, "तक्ता मी घरी करते. तुम्ही इथे बसा." आणि तिने खरंच सगळा तक्ता एकटीने केला. आकडे एका कोपऱ्यात बारीक अक्षरात गेले. मधली सगळी जागा तिने पुलाच्या गोष्टीला दिली, गवंड्याने सांगितली तशीच्या तशी, एक शब्द न सजवता.

शेवटचं बुबुळ लंबूने एका रविवारी सकाळी पूर्ण केलं. फिकट तपकिरी, कडेला धूर. आता शिरा उरल्या. लाल रेशमाचा धागा पिंजून पिंजून केसाहून बारीक तुसं काढायची आणि ओल्या पांढऱ्यावर सोडायची. टकळीने ती सोडली, आणि पुऱ्या वेळात एकदाही तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर सगळी उडाली असती. सुनेने वरून पारदर्शक थर ओतून डोळा उकळला.

मग पॉलिश. हे सगळ्यांत कंटाळवाणं काम. इतकीशी जरी खरखर राहिली तरी माणसाला ती दिवसभर टोचते, त्यामुळे ओल्या भुकटीने घासायचं, धुवायचं, जिभेच्या टोकासारख्या मऊ बोटाने चाचपायचं, परत घासायचं. यात दिसण्यासारखं काही नाही, नाव होण्यासारखं काही नाही. मुकादम त्याला बसली. बोटांची कातडी पांढरी पडेपर्यंत घासत राहिली. दोनदा आजी म्हणाल्या, झालं गं आता. दोनदा ती म्हणाली, "अजून एका जागी लागतंय." आजींनी बोट फिरवलं. त्यांना काहीच लागलं नाही. पण त्या गप्प बसल्या, आणि तिला घासू दिलं. हुकूम सोडायची सवय असलेल्या माणसाने अशा कामाला जुंपून घ्यावं, याचं त्यांना मनापासून कौतुक वाटलं. त्यांच्या नवऱ्याला पॉलिश नेहमी दुसऱ्यावर ढकलायची खोड होती.

गवंडी आला. डोळा कोमट पाण्यातून काढून आजींनी स्वतः बसवला. एवढ्यापुरता त्यांचा हात कापला नाही, किंवा कापलेला कुणाला दिसला नाही. गवंड्याने पापणी मिटली, उघडली, डोळा फिरवून बघितला.

"टोचतोय?" मुकादमाने विचारलं.

"आहे की नाही तेच कळत नाहीये."

सुनेने आरसा दिला. तो बराच वेळ आरशात बघत राहिला. टकळीने लंबूचा दंड इतका घट्ट धरला होता की तो कळवळला.

"अरेच्चा," गवंडी म्हणाला, "हा तर म्हातारा झाला की!" आणि मोठ्याने हसू लागला. "बाई, इतकी वर्षं माझा एक डोळा तरणा होता. एक इकडे थकत चाललाय आणि दुसरा आपला टकामका बघतोय. बायको म्हणायची, तुमच्या त्या डोळ्यापुढे मला लाज वाटते. आज दोघांचं वय जुळलं."

आजी हसता हसता खुर्चीत बसल्या. त्यांनी मुलांकडे पाहिलं. तिघांचे चेहरे रंगाने, भुकटीने आणि घामाने बरबटले होते. इस्पितळातल्या इतक्या चांगल्या माणसांबरोबर काम केलं, पण यांच्याइतकं मनापासून माणसाकडे कुणी बघितलं असेल का, असं त्यांच्या मनात आलं.

"शाब्बास," त्या म्हणाल्या. सून दचकली. लग्न होऊन आल्यापासून तिने हा शब्द सासूच्या तोंडून ऐकला नव्हता.

प्रदर्शनाला आजी सुनेचा हात धरून गेल्या. शाळेचा मोठा हॉल टेबलांनी भरला होता. उपासमारीच्या गटाने युद्धकाळात एका माणसाला दिवसभरासाठी मिळणारं अन्न एका ताटलीत मांडून ठेवलं होतं, आणि त्या ताटलीपुढे येणारा प्रत्येक जण थबकत होता. पहिलं बक्षीस त्यांना मिळालं. मिळायलाच हवं होतं असं आजींनाही वाटलं. मुकादमाने आधी ओठ चावला, मग सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

गवंड्याला कुणी बोलावलं नव्हतं. "मी काय टेबलावर ठेवायची वस्तू आहे?" असं तो एकदा बोलून गेला होता, त्यामुळे मुलांनी विषयच काढला नव्हता. तरी दुपारी तो बायकोला घेऊन आला, धुतलेला सदरा घालून. मुलांच्या तक्त्यापुढे उभा राहून त्याने बायकोकडून पुलाची गोष्ट वाचून घेतली. ती वाचताना अडखळली, थांबली, आणि मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "मला तर तुम्ही सांगितलं होतं, पाय घसरून पडलात म्हणून."

"पडलो होतो ना," गवंडी म्हणाला. "पूल पडला, मग मी पडलो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने त्याच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि त्याचा हात धरला, भर हॉलमध्ये, पोराटोरांसमोर. इतिहासाचे सर पुढे आले, त्यांना या दोघांशी बोलायचं होतं, पण आजींनी त्यांना नजरेनेच थांबवलं. सर समजूतदार होते. दुसऱ्या टेबलाकडे वळले.

थोड्या वेळाने गवंड्याचं लक्ष हॉलच्या मागच्या भिंतीकडे गेलं. तो तिच्याजवळ गेला, तळवा लावला, मान तिरकी करून वरपासून खालपर्यंत बघितलं. नवा डोळा आणि जुना डोळा दोन्ही बारीक झाले.

"ही कुणी बांधली?" त्याने विचारलं. "मधे पोट आलंय हिला."

"पोट?" टकळी धावत आली. "भिंतीला कसं पोट येईल?"

"ये इकडे. गाल लाव इथे आणि कडेने बघ. दिसलं? आता तू ये लंबू, तुला वरचं दिसेल." मुकादमाने न सांगताच दोरा शोधून आणला, त्याच्या टोकाला कुणाची तरी किल्ली बांधली. गवंड्याने तो ओळंब्यासारखा वरून सोडला आणि तिघं भिंतीला गाल लावून रांगेत उभी राहिली. बघता बघता उपासमारीच्या गटातली पोरंही त्यांच्या मागे येऊन उभी राहिली.

"अहो गवंडी," आजींनी हाक मारली, "शेवटची बस जाईल ना!"

"जाऊ द्या हो बाई," तो मागे न बघता म्हणाला. "बघतायत ना पोरं."